सभासदांच्या यादीत कोण आहे, हे आधी पाहावे

सोलापुरात राज्यशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: राज्यांचे संघ, युद्धकाळातील आघाड्या आणि कामगार संघटना यांनी राष्ट्रे घडवली असे आम्हाला शिकवतात, पण त्यांतून समता खरोखर आली का, आणि आली असेल तर ती आपल्या शहरात कुठे दिसते?

मी बरीच वर्षे येथील कामगार आणि औद्योगिक न्यायालयांत, बहुतांशी संघटनांच्या बाजूने, काम करत आलो आहे. त्यामुळे माझे उत्तर इतिहासकाराचे नसून दावे, मागणीपत्रे आणि सभासद नोंदवह्या वाचणाऱ्या माणसाचे आहे. या तिन्हींनी राष्ट्रे घडवली, याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. समतेबद्दल मात्र तेवढ्या ठामपणे बोलता येत नाही. एकत्र आलेल्यांनी आपल्यात कोणाला मोजले, वाटाघाटीचा अधिकार कोणाच्या हाती दिला आणि मिळालेली सवलत कायद्यात लिहून घेतली की नाही, या तीन गोष्टींवर ती अवलंबून राहिली आहे. मोजणी जिथे संपली तिथे समताही संपली, आणि अनेकदा संघटनेनेच तिथे दार लावून घेतले.

आपल्या शहरापासून सुरुवात करू. ‘जुनी गिरणी’ या नावाने ओळखली जाणारी कापड गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत सोलापूर हे मुंबई व अहमदाबादनंतर मुंबई इलाख्यातील महत्त्वाचे गिरणी-शहर बनले. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी माणसे एका छताखाली एकाच भोंग्यावर कामाला येऊ लागली, आणि भाषा व जात ओलांडून बोलण्याचा पहिला मोठा प्रसंग त्यांच्यावर गिरणीनेच आणला. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर येथे जे घडले, त्याला ही पार्श्वभूमी होती. ८ मे रोजी गोळीबार झाला, त्यानंतर काही दिवस ब्रिटिश अंमल शहरातून जवळजवळ नाहीसा झाला आणि १२ मेपासून जूनअखेरपर्यंत लष्करी कायदा लागू राहिला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि गिरणी कामगारांत काम करणारे कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. कामगारांची एकजूट आणि राष्ट्राची चळवळ एकमेकींत मिसळल्याचे याहून स्पष्ट उदाहरण मला देता येणार नाही.

तरीही त्याच शहरात, त्याच काळात, तारेच्या कुंपणाआड एक वसाहत होती. गुन्हेगार जमाती कायद्याखाली जन्मानेच संशयित ठरवलेली कुटुंबे तिथे ठेवलेली होती आणि त्यांच्यातील माणसे गिरण्यांत कामाला जात होती. त्यांच्या शेजारच्या यंत्रावरचा कामगार पाळी संपल्यावर घरी जाई, वसाहतीतला मात्र हजेरी देण्यासाठी कुंपणात परत जाई. कामाचे तास, पगार, दंड यांबद्दल भांडता येत होते; जन्मावरून लावलेल्या शिक्क्यावर मात्र कोणत्याही औद्योगिक तंट्यात निवाडा मागता येत नव्हता. तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, स्वतंत्र भारताच्या संसदेने कायदा रद्द केल्यावर पुसला गेला, आणि तोही कागदावर, कारण सराईत गुन्हेगारांसंबंधीचे राज्यांचे कायदे त्याची जागा घेण्यास तयारच होते. कामगार संघटनेच्या हाताबाहेरचे काम येथे राजकीय संघाने, म्हणजे देशाच्या संसदेने, केले, एवढे तरी मान्य करावे लागते.

आता एक अप्रिय गोष्ट. कामगारांच्या एकजुटीने स्वतःहून कोणाला वगळले नाही, वगळणारे नेहमी मालक किंवा सरकारच होते, असे मानायला आपल्याला आवडते. पण ते खरे नाही. १९२८ च्या मुंबईतील मोठ्या गिरणी संपाच्या वेळी विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. कांडीचा धागा धोट्याच्या, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनाच्या, छिद्रातून तोंडाने ओढावा लागे, आणि तो विटाळाचा विषय बनला होता. विणकाम खात्यात पगार चांगला असल्यामुळे विटाळाच्या या कल्पनेची पैशातली किंमतही ठरलेली होती. डॉ. आंबेडकरांनी ही बंदी उठवण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घालण्याचा आग्रह धरला आणि संपाच्या पुढाऱ्यांनी ती नाखुशीनेच स्वीकारली. दहा वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, औद्योगिक कलहासंबंधीच्या विधेयकाविरुद्ध त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट पुढारी यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. १९२८ मध्ये तो प्रश्न कोणीतरी विचारला होता म्हणूनच १९३८ ची एकजूट शक्य झाली, असे मला वाटते.

परदेशातले याहून कठोर उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे आहे. १९२२ मध्ये विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींतील गोऱ्या कामगारांनी सशस्त्र उठावापर्यंत गेलेला संप केला. जगातील कामगारांनो, गोऱ्या दक्षिण आफ्रिकेसाठी लढा आणि एक व्हा, अशी त्यांची घोषणा होती. संप चिरडला गेला, पण १९२४ च्या औद्योगिक सलोखा कायद्याने वाटाघाटीचे जे यंत्र उभे केले, त्यातून पास, म्हणजे वावरण्याचा सरकारी परवाना, बाळगणाऱ्या कृष्णवर्णीय कामगारांना कर्मचारी या व्याख्येतूनच बाहेर ठेवले. तेथील कामगार संघटनांनी राष्ट्र घडवलेच, पण ते वर्णभेदाचे. पुढे १९८५ मध्ये स्थापन झालेल्या कामगार महासंघाने, म्हणजे कोसाटूने, त्याच राष्ट्राचा पाया हलवला हेही तितकेच खरे, आणि त्यासाठी आधी सभासदत्वाची रेषा वर्णावरून हलवावी लागली.

युद्धकाळाचे गणित वेगळे असते. मजूर कमी पडतात, माल तातडीने हवा असतो, आणि एरवी ज्याला दारात उभे केले जात नाही त्याला सन्मानाने आत बोलावले जाते. मार्च १९१५ मध्ये ब्रिटिश सरकार आणि तेथील संघटना यांच्यात करार झाला: कुशल कामगारांचे राखीव काम स्त्रिया आणि अकुशल कामगार करतील, संघटना त्याला हरकत घेणार नाहीत, पण युद्ध संपल्यावर सारे पूर्ववत केले जाईल. हे वचन १९१९ मध्ये खास कायदा करून पाळले गेले आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत राबलेल्या स्त्रिया घरी गेल्या. दरम्यान १९१८ मध्ये तीस वर्षांवरील, मालमत्तेची अट पूर्ण करणाऱ्या स्त्रियांना मताधिकार मिळाला होता. म्हणजे युद्धाने स्त्रीला मतदान केंद्राचे दार उघडून दिले आणि कारखान्याचे दार बंद केले, तेही कामगार संघटनांच्या आग्रहाने. समान वेतनाचा ब्रिटिश कायदा होण्यासाठी १९७० साल उजाडावे लागले. त्याच्या दोन वर्षे आधी डॅगनहॅमच्या मोटार कारखान्यातील शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांनी संप केला होता.

अमेरिकेत १९४१ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांनी, ज्यांची संघटना रेल्वेच्या शयनयान डब्यांतील कृष्णवर्णीय सेवकांची होती, वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला. २५ जून रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी संरक्षण उद्योगांत वर्णावरून भेदभाव करण्यास बंदी करणारा आदेश काढला आणि मोर्चा स्थगित झाला. मोर्चा न काढता मिळालेला हा विजय मोठा होता, पण आदेशाच्या अंमलबजावणीसाठी नेमलेली समिती युद्ध संपल्यानंतर १९४६ मध्ये बंद पडली. देशादेशांच्या आघाड्यांचेही असेच झाले. रूझवेल्ट आणि ब्रिटिश पंतप्रधान चर्चिल यांच्या ऑगस्ट १९४१ च्या अटलांटिक सनदेत लोकांना आपले सरकार निवडण्याचा हक्क आणि सुधारित श्रममान यांची ग्वाही होती. पुढच्याच महिन्यात चर्चिल यांनी ती हिंदुस्थानला लागू नसल्याचे संसदेत स्पष्ट केले.

आपल्याकडे युद्धाने जे दिले, ते मात्र आजही पगाराच्या चिठ्ठीवर दिसते. बोनस आणि महागाई भत्ता या दोन्ही शब्दांचा जन्म युद्धात आहे. १९१७ मध्ये मुंबईच्या गिरण्यांनी १० टक्के युद्ध-बोनस दिला. नफा प्रचंड होता आणि कामगार टिकवायचे होते. १९२३ साली गिरणीमालकांनी तो बंद केल्यावर संप झाला, चौकशी समिती बसली, आणि बोनसवर कामगारांचा रूढीने, कायद्याने किंवा न्यायबुद्धीने कोणताही अंमलात आणण्याजोगा हक्क नाही असा निर्णय तिने १९२४ मध्ये दिला. युद्ध संपले, मजूर पुन्हा मुबलक झाले आणि बक्षीस परत घेतले गेले, इतकी ती साधी गोष्ट होती. त्या बक्षिसाचा हक्क होण्यासाठी नफ्यातून बोनस काढण्याचे १९५० चे कामगार अपील न्यायाधिकरणाचे सूत्र आणि १९६५ चा बोनस कायदा यावा लागला. आज किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाकाठी एका महिन्याच्या वेतनाइतका आहे.

महागाई भत्त्याचे तसे झाले नाही. दुसऱ्या महायुद्धात भाव भडकल्यावर १९४० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी भत्त्यासाठी संप केला आणि भत्त्याला जीवनमानाच्या निर्देशांकाची जोड मिळाली. निर्देशांक दर महिन्याला जाहीर होतो, त्यामुळे भत्ता परत घेणे मालकाच्या मर्जीवर राहिले नाही. औद्योगिक कामगारांच्या किंमत निर्देशांकासाठी आजही सोलापूर हे एक केंद्र आहे. इथल्या बाजारातले ज्वारीचे, तेलाचे, घरभाड्याचे दर त्यात मोजले जातात. भाषणात क्वचितच उल्लेख होणारी ही कोरडी आकडेवारी लाखो घरांच्या चुलीला थेट जोडलेली आहे.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. आंबेडकरांकडे होते. सरकार, मालक आणि कामगार यांची त्रिपक्षीय परिषद, सेवायोजन कार्यालये, १९४६ ची आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, मान्यताप्राप्त संघटनेची कल्पना, या साऱ्यांचा उगम त्या वर्षांत आहे. भारत संरक्षण नियमांखाली संपावर निर्बंध होते, त्याच वेळी हे घडत होते, हे लक्षात घेतले पाहिजे. सरकारने संपाचे हत्यार काढून घेतले आणि बदल्यात वाटाघाटीचे टेबल दिले. हा सौदा चांगला होता की वाईट, यावर आमच्या वकील मंडळींत एकमत नाही. माझ्या मते तो १९४६ पर्यंत चांगला होता. त्यानंतर तात्पुरत्या निर्बंधांची सवय सरकारांना लागली.

त्या सवयीचे मूर्त रूप म्हणजे १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा. सोलापूरच्या कापड गिरण्या याच कायद्याखाली होत्या. एका क्षेत्रातल्या एका उद्योगात एकच प्रातिनिधिक संघटना, तिचे सभासद पुढे किमान २५ टक्के असावेत अशी अट, आणि करार करण्याचा अधिकार फक्त तिला. म्हणजे उरलेले ७५ टक्के कामगार दुसऱ्या झेंड्याखाली असले, तरी कायद्याच्या दृष्टीने ते मुके. १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईत डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी जो संप केला, त्यात पगाराइतकाच हा प्रश्न होता. कामगार ज्याच्या मागे होते त्याच्याशी बोलण्यास मालक कायद्याने बांधलेले नव्हते, आणि ज्याच्याशी बोलण्यास बांधलेले होते त्याच्या मागे कामगार नव्हते. संप रीतसर मिटलाच नाही. गिरण्या बंद पडण्यामागे यंत्रसामग्रीकडचे दुर्लक्ष, यंत्रमागाची स्पर्धा, मुंबईतील जमिनीचे भाव अशी इतर कारणे होतीच, आणि सोलापुरात तर तो संप नसतानाही लक्ष्मी-विष्णूपासून नरसिंग गिरजीपर्यंतच्या गिरण्यांचे भोंगे थांबले. पण संघटनेला खऱ्या सभासदांऐवजी नोंदणी प्रमाणपत्राच्या जोरावर टिकता आले की ती कामगारांचे ऐकेनाशी होते, हे त्या कायद्याने दाखवून दिले.

राजकीय संघांबद्दल मी थोडेच सांगतो, कारण माझा त्यातला अनुभव एका मुद्द्यापुरता आहे. पण तो मुद्दा महत्त्वाचा आहे. १९५७ च्या रोम करारात, ज्यातून पुढे युरोपीय संघ वाढला, स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतन देण्याचे ११९ वे कलम आहे. ते स्त्रियांच्या कळवळ्यातून आले नव्हते. फ्रान्समध्ये समान वेतनाचा नियम आधीच होता आणि सीमा खुल्या झाल्यावर शेजारच्या देशांतील स्वस्त स्त्री-मजुरीवर चालणारा माल आपल्या कापड उद्योगाला बुडवील, अशी फ्रेंचांना भीती होती. १९७६ मध्ये बेल्जियमच्या एका विमानसेविकेच्या दाव्यात युरोपीय न्यायालयाने ते कलम थेट अंमलात आणण्याजोगे ठरवले. बाजार एक झाला की मजुरीचा नियमही एक करावा लागतो, नाहीतर सर्वांत स्वस्त राबवणारा बाकीच्यांना खाली खेचतो.

हा नियम समजून घ्यायला सोलापूरकरांना युरोपात जाण्याची गरज नाही. विडी पुरेशी आहे. विडी वळणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया, त्यांतही मोठा वाटा तेलुगू भाषक पद्मशाली कुटुंबांचा. कारखान्यातून पाने, तंबाखू आणि दोरा घरी आणायचा, वळलेला माल परत नेऊन द्यायचा, हजार विड्यांमागे मजुरी घ्यायची आणि खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे नुकसान सोसायचे. या बाई कामगारच नाहीत, त्या घरी बसून मर्जीने काम करतात, असा युक्तिवाद वर्षानुवर्षे होत होता. घर हेच कामाचे ठिकाण असल्यामुळे हजेरीपट नव्हता, आणि हजेरीपट नसल्यामुळे भविष्यनिर्वाह निधी, रजा, बाळंतपणाचा लाभ यांचा प्रश्नच उपस्थित होत नव्हता.

एखाद्या राज्याने कायदा कडक केला की कारखानदार शेजारच्या राज्यात पाने पाठवीत, कारण या धंद्याला यंत्र लागत नाही, गोणी उचलली की कारखाना हलला. म्हणूनच संसदेने १९६६ मध्ये साऱ्या देशासाठी विडी व सिगार कामगार कायदा केला आणि घरी काम करणाऱ्यांना कामगारांच्या व्याख्येत घेतले. कच्चा माल किती द्यायचा, विड्या नाकारल्या तर काय, नाकारलेल्या विड्यांची मजुरी मिळणार का, या तंट्यांसाठी त्यात वेगळी तरतूद होती. ही तरतूद लिहिणाऱ्याने विडी कारखान्याच्या दारातली रांग पाहिली असावी, असे मला नेहमी वाटते. केरळ सरकारने कायदा लागू करताच मोठ्या कारखानदारांनी तेथील काम बंद केले, हजारो कामगार उघड्यावर पडले आणि १९६९ मध्ये त्यांच्यातूनच दिनेश विडी ही सहकारी संस्था उभी राहिली. कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७४ मध्ये न्यायालयाने कायदा वैध ठरवला. १९७६ मध्ये विड्यांवरील उपकरातून कल्याण निधी उभा राहिला आणि त्यातून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरबांधणीला मदत मिळू लागली.

सोलापुरात या कायद्यांचे फळ पदरात पडले ते लाल बावट्याच्या संघटनेने आणि तिचे कम्युनिस्ट पुढारी नरसय्या आडम मास्तर यांनी अनेक वर्षे काढलेल्या मोर्चांमुळे. ओळखपत्र मिळवणे हेच सर्वांत मोठे आंदोलन होते, कारण ओळखपत्र मिळाले की बाई कामगार म्हणून मोजली जाई. कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाच्या महिला विडी कामगार गृहनिर्माण संस्थेची १०,००० घरे उभी राहिली आणि २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्यांचे हस्तांतरण झाले. १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी रे नगर या कामगार वसाहतीतील १५,००० घरे सुपूर्द केली. तेथील लाभार्थ्यांत विडी कामगारांबरोबर यंत्रमाग कामगार, कचरा वेचणारे, वाहनचालकही आहेत. परस्परविरोधी विचारांची दोन सरकारे एकाच संघटनेच्या पाठपुराव्याने या शहरात घरे देण्यास आली, हे पाहिले की संघटनेची ताकद कुठे असते ते कळते. मात्र हजार विड्यांमागची मजुरी त्याच प्रमाणात वाढलेली नाही. शिवाय २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर विडीवरील उपकर रद्द झाला, आणि कल्याण निधीचा स्वतःचा झरा आटून तो अर्थसंकल्पातील तरतुदीवर अवलंबून राहिला. कायद्यात लिहिलेला हक्क टिकतो असे मी वर म्हटले, त्याला ही पुरवणी जोडावी लागते: त्या हक्कासाठी पैसा कुठून येणार, हेही लिहिलेले असावे लागते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अंमलात आल्या आहेत आणि १९६६ चा विडी कायदा त्यांपैकी एकीत विलीन झाला आहे. औद्योगिक संबंध संहितेनुसार, अनेक संघटना असतील तर ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना वाटाघाटी करील. तसा पाठिंबा कोणालाच नसेल, तर प्रत्येक २० टक्क्यांमागे एक प्रतिनिधी याप्रमाणे परिषद बनेल. जुन्या २५ टक्क्यांच्या मक्तेदारीपेक्षा हे निश्चितच बरे आहे. पण हे टक्के काढायचे ते आस्थापनेच्या हजेरीपटावरून. चार-चार, सहा-सहा माणसांचे यंत्रमाग, तेथे नगावर किंवा मीटरवर मजुरी घेऊन आज या मालकाकडे तर उद्या त्या मालकाकडे चादरी आणि टॉवेल विणणारे कामगार, घरोघरी विड्या वळणाऱ्या बाया, यांचे ५१ टक्के कोणत्या आस्थापनेत मोजायचे? संपाला सर्वच उद्योगांत १४ दिवसांची नोटीस लागते, आणि कामगारकपात वा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी घेण्याची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर गेली आहे. सोलापूरच्या औद्योगिक वसाहतीत बहुतेक आस्थापने लहान असल्यामुळे ती तरतूद इथल्या बहुतेकांना जुन्या मर्यादेतही लागू नव्हती आणि नव्या मर्यादेतही नाही.

तुम्हाला या विषयावर प्रबंध लिहायचा असेल, तर घोषणापत्रांपासून सुरुवात करू नका. अक्कलकोट रस्त्यावरच्या किंवा अशोक चौकाच्या बाजूच्या कोणत्याही एका यंत्रमाग कारखान्यात जा आणि तीन कागद मागा: हजेरीपट, भविष्यनिर्वाह निधीच्या वर्गणीचा भरणा, आणि संघटनेची सभासद नोंदवही. त्यानंतर प्रत्यक्ष मागावर उभी असलेली माणसे मोजा, आणि कांड्या भरणाऱ्या स्त्रियांना त्यात धरायला विसरू नका, कारण तिन्ही कागदांत त्या बहुधा सापडणार नाहीत.